उपकथा मुळाला काय देते



लोकप्रिय कथामालिकांवरच्या या संमेलनात मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. एखाद्या चित्रपटमालिकेतून फुटणाऱ्या उपकथा, ज्यांना आता सगळेच स्पिन-ऑफ म्हणतात, चाहत्यांना खरोखर हव्या असतात का, की सवयीनं चालवून घेतल्या जातात? उदाहरण ‘स्टार वॉर्स’चं घेतो. इतक्या भरघोस आणि दर्जानं इतक्या असमान उपकथा क्वचितच दुसऱ्या मालिकेला फुटल्या असतील. माझं म्हणणं असं की उपकथा किती नवी माहिती देते यावर तिचं मोल ठरत नाही. ती पाहून मूळ चित्रपटाकडे परतल्यावर तिथलंच जुनं दृश्य वेगळं दिसतं का, यावर ते ठरतं.

डिसेंबर 2016 मधला ‘रोग वन’ आणि मे 2018 मधला ‘सोलो’ शेजारी ठेवून पाहा. निघाले दोघेही मूळ कथेतल्या रिकाम्या जागा भरायलाच. 1977 च्या मूळ चित्रपटात आरंभी पडद्यावरून सरकत जाणाऱ्या मजकुरातून एवढंच कळतं की बंडखोरांच्या हेरांनी डेथ स्टार या महाकाय युद्धयंत्राचे आराखडे पळवले. हेर कोण होते, त्यांचं काय झालं, याची त्या चित्रपटाला फिकीर नाही. ‘रोग वन’नं ती माणसं उभी केली आणि शेवटी त्या टोळीतलं कुणीही जिवंत ठेवलं नाही. एवढं अवाढव्य यंत्र दोन मीटरच्या झरोक्यातून उडतं कसं, ही चाहत्यांची जुनी चेष्टाही त्यानं मिटवली. ते बांधायला जुंपलेल्या गेलन अर्सो या शास्त्रज्ञानं आत मुद्दाम कमजोरी ठेवली होती. पण चित्रपट भावला तो या खुलाशामुळे, असं मला वाटत नाही. शेवटी अर्धवट उघडलेल्या दारापाशी अडकलेला सैनिक मरता मरता आराखडे फटीतून पलीकडच्या हातात देतो आणि ते राजकन्या लेयापर्यंत पोचतात. 1977 च्या चित्रपटात लेया तेच आराखडे आर्टू या यंत्रमानवाच्या हवाली करते. पूर्वी तो कथानक पुढे ढकलणारा साधा प्रसंग होता. आता तो पाहताना त्या दाराशी मेलेले आठवतात.

‘सोलो’नं मात्र फक्त हिशेब चुकते केले. मूळ कथेतल्या हान या तस्कराला आडनाव कसं मिळालं (एकटाच आहे म्हणून भरती-अधिकाऱ्यानं चिकटवलं), साथीदार च्युबाका कुठं भेटला, फाल्कन हे यान लँडोकडून पत्त्यांत कसं जिंकलं, केसेलची ती प्रसिद्ध फेरी कशी मारली, सगळ्याची उत्तरं आहेत. 1977 च्या हानकडे पुन्हा पाहावंसं वाटावं, असं त्यात एकही नाही. ‘रोग वन’नं जगभरात 100 कोटी डॉलरहून अधिक मिळवले, ‘सोलो’ 40 कोटींच्या आतच राहिला. गल्ला हा रसिकतेचा निर्णायक पुरावा नव्हे, हे मान्य. ‘सोलो’च्या आधी पाचच महिने ‘द लास्ट जेडाय’ येऊन गेला होता आणि चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक बदलले होते. तरी एवढी तफावत नुसत्या वेळापत्रकानं पडत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार ‘अँडॉर’ या मालिकेचा आहे. 1983 च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये मॉन मॉथ्मा ही बंडखोरांची नेता एका बैठकीत उभी राहते, हल्ल्याची माहिती देते आणि कथेतून निघून जाते. 2005 च्या चित्रपटात जेनेव्हिव्ह ओरायलीनं तिची भूमिका केली, पण तिचे बहुतेक प्रसंग कापले गेले. हीच अभिनेत्री ‘अँडॉर’च्या दोन्ही पर्वांत (2022 आणि 2025) आहे, आणि इथे लेखकांनी तिच्या हाती शस्त्र दिलेलं नाही, बँकेचं खातं दिलं आहे. बंडाला गुपचूप पुरवलेल्या पैशांमुळे खात्यात 4 लाखांची तूट येते. ती झाकायला एक बदनाम धनको तयार होतो, मोबदला मागत नाही, फक्त आपल्या मुलाची आणि तिच्या शाळकरी मुलीची गाठ घालून द्या म्हणतो. मॉन झिडकारते. म्हणजे, आधी झिडकारते. दुसऱ्या पर्वात त्या दोघांचं लग्न लागतं आणि ती दारू पिऊन बेभान नाचते. हे पाहिल्यावर 1983 च्या बैठकीतली ती शांत, पांढऱ्या वस्त्रांतली बाई नुसती माहिती सांगणारी उरत नाही. याच मालिकेत नार्किना फाइव्हच्या तुरुंगात अनवाणी कैदी, पायाखालच्या फरशीतून विजेचा झटका बसेल या धाकात, कसले तरी यंत्रभाग जोडत राहतात. ते भाग डेथ स्टारचे होते, हे पहिल्या पर्वाची श्रेयनामावली संपल्यावर एका छोट्या दृश्यातून कळतं. संवाद एकही नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सगळा धंदा आहे. आहेच. डिस्नेनं 2012 मध्ये सुमारे 400 कोटी डॉलर मोजून लुकासफिल्म घेतली ती काही कथाप्रेमापोटी नव्हे. महाभारतातून फुटलेल्या ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ या कादंबऱ्या वाचलेल्या मराठी वाचकाला उपाख्यानाची ताकद समजावून सांगायला नको. पण महाभारताला मालक नाही आणि या कथेला आहे, हा फरक मोठा आहे. मालकानं 2014 मध्ये आधीच्या सगळ्या कादंबऱ्या आणि चित्रकथा एका फटक्यात ‘लेजंड्स’ या सदरात टाकल्या, म्हणजे अधिकृत कथेतून बाद केल्या. मग चाहत्यानं जीव लावायचा तरी कशाला? मला यात उलटाच पुरावा दिसतो. टिमथी झाननं 1991 च्या कादंबरीत थ्रॉन हा सेनापती घडवला, या कथाविश्वातल्या राजधानीला कोरुसांट हे नाव दिलं. ते नाव पुढे चित्रपटांनीच उचललं. थ्रॉन बाद झाला आणि दोनच वर्षांत ‘रेबेल्स’मधून परतला, 2023 मध्ये ‘असोका’त सदेह आला. वाचकांनी त्याला धरून ठेवलं नसतं तर त्याची आठवण कुणी ठेवली असती? त्याच कादंबऱ्यांतल्या मारा जेडच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही, तरी तिचे वाचक आहेतच. अधिकृततेचा शिक्का कंपनी मारते, मानायचा की नाही ते वाचक ठरवतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: उलगडा झाला की गूढ संपतं. बोबा फेट हा भाडोत्री शिकारी 1980 मध्ये मोजकी वाक्यं बोलला आणि शिरस्त्राणाआडच्या त्या मौनावर दोन पिढ्या भाळल्या. त्याच्या नावाच्या मालिकेत तो शिरस्त्राण काढून भरपूर बोलतो, आणि त्याचा दरारा जातो. इथे मी आक्षेपकांच्या बाजूनं आहे. काही पात्रांचं अर्धंअधिक अस्तित्व त्यांच्याबद्दल न सांगितलेल्या गोष्टींत असतं, आणि ती ओळखण्याइतका संयम कंपनीला परवडत नाही. त्याच मालिकेनं आणखी एक आगळीक केली. ‘मँडलोरियन’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाअखेर त्यातला छोटा ग्रोगू ल्यूकबरोबर गेला होता, तो परत आला कसा, हे बोबा फेटच्या मालिकेत उरकून घेतलं. 2023 मध्ये थेट तिसरं पर्व लावणाऱ्या प्रेक्षकाला वाटलं, आपला एखादा भाग पाहायचा राहिला की काय. ‘अँडॉर’ न पाहताही 1977 चा चित्रपट कुठे अडत नाही. इथे मात्र मूळ मालिकेचा सांधाच उपकथेत नेऊन ठेवला होता, आणि त्यावर चाहते रागावले ते रास्तच होतं.