आधी इस्पितळ, मग परराष्ट्र खातं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘मान्यता नसलेल्या देशाची परराष्ट्रमंत्री’. म्हणजे सोमालीलँडच्या एडना अदान इस्माईल. पण मी त्यांच्याकडे कोणत्या वाटेनं येणार, ते आधीच सांगून टाकतो. माझं ठाम मत आहे की परराष्ट्र खात्यात माणूस घ्यायचा तर त्यानं आधी काही वर्षं दुसरं एखादं काम हातानं केलेलं असावं. इस्पितळात, शेतावर, धरणावर, कुठेही. पहिल्या रांगेत काही निवृत्त सनदी अधिकारी दिसताहेत, त्यांनी कृपया उठून जाऊ नये. (हशा) कुणाला कमी लेखायचं नाही मला. एक उदाहरण दाखवायचंय.

सोमालीलँडचा इतिहास धावता सांगतो. आफ्रिकेत, एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा मुलूख इंग्रजांकडे होता. १८९८ पर्यंत तिथला कारभार हिंदुस्थान सरकारच्या वतीनं एडनहून चाले, आणि एडन तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात. २६ जून १९६० ला सोमालीलँड स्वतंत्र झालं आणि १ जुलैला शेजारच्या इटालियन सोमालियाशी एक झालं. पुढे सियाद बारेची लष्करी राजवट आली, यादवी झाली. १९८८ मध्ये सरकारच्याच विमानांनी सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब टाकले. त्यातली काही विमानं त्याच शहराच्या धावपट्टीवरून उडत होती. १८ मे १९९१ ला बुराओ शहरात उत्तरेनं, म्हणजे सोमालीलँडनं, हे एकत्र येणं मोडीत काढलं. बाकी तपशील पुस्तकांत आहे.

एडनाबाईंचा जन्म हर्गेसाचा, १९३७ चा. वडील सरकारी इस्पितळात डॉक्टरकी करत. मुलींसाठी शाळा नव्हती म्हणून त्या शेजारच्या जिबूतीत शिकल्या. सुट्टीत घरी आल्या की वडिलांच्या हाताखाली लुडबूड. इंग्लंडची शिष्यवृत्ती मिळाली, परिचारिकेचं आणि सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि हे शिक्षण घेतलेल्या त्या पहिल्या सोमाली बाई ठरल्या. त्यांचे यजमान मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल १९६७ मध्ये सोमालियाचे पंतप्रधान झाले. १९६८ साली दोघं व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे पाहुणे होते. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि एगाल तुरुंगात गेले. राजशिष्टाचार बाईंनी जवळून पाहिला होता, आणि तो एका रात्रीत कसा नाहीसा होतो तेही.

१९७६ मध्ये सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, बायकांच्या सुंतेविरुद्ध त्या जाहीरपणे बोलल्या. तोपर्यंत हा विषय चारचौघांत कुणी काढत नसे. स्वतः लहान असताना, वडील गावाला गेलेले असताना, आई आणि आजीनं त्यांच्यावर तो प्रकार करवला होता. परत आल्यावर वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापले. त्यांचा तो संताप पाहूनच हे चुकीचं आहे असं आपल्याला कळलं, असं बाई सांगतात.

आता इस्पितळ. यावर दोन मिनिटं बोलायची असं टिपणात लिहिलंय, पण मला राहवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची नोकरी संपवून बाई हर्गेसात परतल्या. जागा मिळाली ती कचरा टाकायची. निवृत्तीचे पैसे त्यात गेले, मर्सिडीज गाडी विकली, सगळी पदरमोड. परिचारिका मिळेनात, तर भिंती चढत असतानाच बाईंनी मुलींचे वर्ग सुरू केले. छप्पर घालायची वेळ आली आणि पैसा आटला. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात हे छापून आलं, कनेक्टिकटमधल्या एका निवृत्त शिक्षिकेनं ते वाचलं आणि ती मैत्रिणींना घेऊन वर्गणी जमवायला लागली. मार्च २००२ मध्ये इस्पितळ उघडलं. बाई राहायलाही तिथेच. (टाळ्या)

मला खरं सांगायचंय ते इथे आहे. रात्री एखादी अडलेली बाई येते. पोट फाडून मूल काढावं लागणार. पण संमती द्यायची ती तिच्या नवऱ्यानं किंवा घरातल्या पुरुषानं, आणि तो अडून बसलेला. त्याच्यावर ओरडून चालत नाही, तो बायकोला उचलून घेऊन जाईल. त्याला दुखवायचं नाही, त्याची भीती ऐकून घ्यायची, त्याच्या मानाला धक्का न लावता त्याला ‘हो’ म्हणायला लावायचं. आणि हे सगळं तासाभरात, कारण आत बाईचं रक्त जातंय. वाटाघाटी म्हणजे आणखी काय असतं? माझ्या मताला याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं उरलीत. मग भरभर.

२००३ ते २००६ बाई सोमालीलँडच्या परराष्ट्रमंत्री होत्या. तेव्हा संयुक्त राष्ट्रांत खुर्ची नव्हती, आफ्रिकी संघात नव्हती, एकाही देशाची मान्यता नव्हती. त्या सरकारचा मुद्दा असा: आम्ही फुटून निघालेलो नाही. आम्ही आधी स्वतंत्र होतो, आपखुशीनं एकत्र आलो, ते फसलं, परत आमच्याच जुन्या सीमांत गेलो. वसाहतकाळातल्या सीमा पाळायच्या, असं आफ्रिकी राष्ट्रांनीच १९६४ मध्ये कैरोला ठरवलंय, त्यालाही हे धरूनच आहे. २००५ मध्ये आफ्रिकी संघाचं पाहणी पथक हर्गेसाला आलं. सोमालीलँडची गोष्ट इतरांहून वेगळी आहे, तिचा वेगळा विचार व्हावा, असा त्याचा अहवाल आला. त्याच डिसेंबरात सोमालीलँडनं संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. सदस्यत्व मिळालं नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, मग बाईंचा उपयोग काय झाला? रागावत नाही, प्रश्न रास्त आहे. अशा देशाच्या मंत्र्याला समोरच्यानं भेट दिली तरी ती खासगी, फोटो नको, झेंडा नको. तिथे तुमची खुर्ची कुणी मोजत नाही, तुम्ही कोण आहात हेच मोजतात. बाईंच्या मागे एक चालतं इस्पितळ होतं, शिकून खेड्यांत गेलेल्या सुइणी होत्या. तेव्हा मान्यता मिळाली नाही. त्यांचं म्हणणं मात्र ऐकून घेतलं गेलं आणि कागदावर आलं. २०२३ चं टेम्पलटन पारितोषिक त्यांना मिळालं, तेही इस्पितळाच्या आणि सुइणींच्या या कामासाठी.

आपल्याकडे चाळिशीतला जिल्हा शल्यचिकित्सक किंवा पाटबंधारे खात्यातला अभियंता राजदूत का होऊ नये? सनदी सेवेची परीक्षा असू द्या, पण एक दार बाजूनं उघडा. हे मी जिथे जाईन तिथे बोलणार. (टाळ्या)

अध्यक्ष आता उभेच राहिलेत. सोमालीलँडच्या बर्बेरा बंदराचं राजकारण आणि इथियोपियाला समुद्र का हवाय, हे राहूनच गेलं. ज्यांना त्यावर बोलायचंय त्यांनी खाली थांबावं, मी आहे.