बर्फ पाहावा, मग स्की घ्यावी



आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. आपला बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता. तेव्हा बर्फावरून घसरत जाण्याच्या पट्ट्या, म्हणजे स्की, कशा निवडाव्यात हे ऐकून आम्ही काय करावे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. पण आता आपल्याकडची मुले काश्मिरात गुलमर्ग आणि पहलगामला, हिमाचलात मनालीला, उत्तराखंडात औलीला जाऊन हा खेळ शिकून येतात. पहिल्या वर्गात काही अडचण नसते. शिक्षक हाती देतील ती स्की पायात घालायची. अडचण येते ती पुढच्या खेपेला. मुलगा किंवा मुलगी भाड्याच्या दुकानासमोर उभी असते, भिंतीला शंभर स्की टेकवून ठेवलेल्या असतात आणि दुकानदार विचारतो, "कोणती देऊ?" ती जर चुकली, तर नुसते भाडे फुकट जात नाही, गुडघाही जायबंदी होऊ शकतो. पुढे शेतावर, नोकरीवर किंवा मैदानावर ज्या गुडघ्यावर उभे राहायचे, तोच हा गुडघा. म्हणून मुलांनी आणि त्यांना पाठवणाऱ्या गुरुजींनी, बाईंनी हे थोडे समजून घेतलेले बरे.

ही वस्तू फार जुनी आहे. नॉर्वेतील दिगरवार्डेन येथे वितळत्या हिमातून सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची लाकडी स्कीची जोडी मिळाली. एक पट्टी २०१४ साली आणि दुसरी २०२१ साली. त्याच देशातल्या टेलेमार्क भागात सोंद्रे नोरहाइम नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात टाच धरून ठेवणारे बंद आणि मधे निमुळती होणारी पट्टी वापरून वळणे घेणे सोपे केले. भारतीय खेळाडूही या खेळात ऑलिंपिकपर्यंत गेले आहेत. जेरेमी बुजाकोव्स्की हे १९६४ साली इन्सब्रुकला उतरले होते, आणि काश्मीरचे आरिफ खान २०२२ साली बीजिंगला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपण ज्याच्यासाठी स्की निवडणार तो मध्यम तयारीचा आहे असे धरू. मध्यम म्हणजे कसा? त्याला थांबता येते. साध्या उतारावर दोन्ही पट्ट्या समांतर ठेवून एका वळणातून दुसऱ्या वळणात जाता येते. परंतु उतार तीव्र झाला किंवा बर्फ खोल लागला की तो घाबरतो आणि अंग मागे टाकतो. अशा माणसाला एकच स्की घेऊन दिवसभरात चार प्रकारच्या बर्फावरून जायचे असते. हीच खरी अडचण आहे.

बर्फाचे चार प्रकार कोणते? आपण पावसाला किती नावे दिली आहेत पाहा: भुरभुर, रिमझिम, झड, वळीव. जमिनीलाही तशीच: काळी, तांबडी, मुरमाड, चोपण. बर्फाचेही तसेच आहे. गुलमर्गचे उदाहरण घेऊ. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर. तिथून गोंडोला, म्हणजे तारेवरचे पाळणे, दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतात. जानेवारीत वर नवा बर्फ पडतो तो पिठासारखा भुसभुशीत, त्यात माणूस मांडीपर्यंत बुडावा. पण त्याच डोंगराच्या धारेवर वाऱ्याने वरचा थर उडवून नेलेला असतो आणि खाली कडक कवच राहते. देवदारांच्या सावलीत बर्फ मऊ राहतो, तर गावाजवळच्या उतारावर शेकडो माणसे घसरून घसरून तो फरशीसारखा दाबला जातो. मार्चमध्ये आणखी एक तऱ्हा होते. रात्री सगळे गोठते, सकाळी काचेसारखे असते आणि दुपारी उन्हाने पाणी सुटून ते ओल्या साखरेसारखे रवाळ होते. एकाच दिवशी, एकाच डोंगरावर हे सगळे भेटते. यालाच मिश्र बर्फ म्हणायचे.

अशा बर्फासाठी जी स्की करतात तिला 'ऑल-माउंटन', म्हणजे सगळ्या डोंगरावर चालणारी, असे म्हणतात. ती कोणत्याच एका बर्फावर सर्वांत उत्तम नसते, पण कोणत्याही बर्फावर दगाही देत नाही. तिची पारख पाच गोष्टींवरून करावी.

पहिली गोष्ट रुंदीची. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात. समजा, १२८, ९२, ११२. हे मिलिमीटर आहेत. पहिला पुढच्या टोकाजवळचा, दुसरा बुटाखालचा, तिसरा मागचा. यांत बुटाखालचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. त्याला कंबर म्हणतात. कंबर रुंद असली तर स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते. हिशेब सोपा आहे. दोन बुटांचे तळवे मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर भरतात. १७० सेंटिमीटर लांबीची, वर सांगितलेल्या मापांची जोडी सुमारे ३,६०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे तेच वजन सुमारे सहापट जागेवर पसरले. चिखलात फळी टाकून चालावे तसे.

मग जितकी रुंद तितकी चांगली, असे म्हणायचे का? नाही. कडक बर्फावर स्की कडेवर उभी करावी लागते; तिची पोलादी कड बर्फात रुतली तरच माणूस वळतो. कंबर रुंद झाली की कड पायाच्या मध्यापासून लांब जाते, आणि तरफेच्या नियमाने ती रुतवायला घोट्याला व गुडघ्याला अधिक जोर पडतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाही वेळ लागतो. गुलमर्गसारख्या ठिकाणी, जिथे खोल बर्फ पुष्कळ, मध्यम तयारीच्या माणसाने ९० ते ९६ मिलिमीटरची कंबर पाहावी. औलीसारख्या ठिकाणी उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान आहेत, काही वर्षी बर्फ बेताचाच पडतो आणि बहुतेक घसरणे दाबलेल्या बर्फावरच होते. तिथे ८० ते ८८ पुरे. शंभराच्या वरची स्की दुकानात रुबाबदार दिसते. पण संध्याकाळी गुडघे दुखू लागले म्हणजे रुबाब उतरतो.

दुसरी गोष्ट लांबीची. स्की उभी धरली असता तिचे टोक हनुवटी आणि डोक्याचा माथा यांच्यामध्ये यावे. मध्यम माणसाने नाकाच्या वर, कपाळाच्या आसपास येईल अशी घ्यावी. मात्र नुसती उंची पाहू नये, वजनही पाहावे. स्कीला आपली उंची कळत नाही, वजन कळते. उंची सारखी असलेल्या दोन भावांत एक पंचावन्न किलोचा आणि दुसरा ऐंशीचा असेल, तर दुसऱ्याला चार-पाच सेंटिमीटर लांब लागेल. फार आखूड घेतली तर वेगात थरथरते आणि खोल बर्फात टोक बुडते. फार लांब घेतली तर झाडांमध्ये वळता येत नाही.

तिसरी गोष्ट घडणीची, आणि ही शिक्षकांनी मुद्दाम ऐकावी, कारण ती वर्गात दाखवता येते. स्की मधे निमुळती का असते? जाड पुठ्ठ्याची हातभर पट्टी घ्या, दोन्ही लांब बाजू मधे आत वळलेल्या कापा. ती टेबलावर तिरपी धरा आणि मधोमध दाबा. सगळी कड टेबलाला टेकेपर्यंत पट्टी वाकेल आणि ती कड टेबलावर कमानीसारखी टेकलेली दिसेल. स्की वळते ती अशी. या कमानीची त्रिज्या स्कीवर मीटरमध्ये छापलेली असते. मध्यम माणसाला १५ ते १८ मीटर योग्य. म्हणजे केवढी, हे मुलांना कळायला हवे असेल तर शाळेच्या मैदानावर खुंटी ठोकून सोळा मीटर दोरीने वर्तुळ आखा आणि त्यावरून त्यांना पळायला लावा.

घडणीतच आणखी एक भाग आहे. स्की सपाट जमिनीवर ठेवली की मधे थोडी उचललेली दिसते. ही कमान कडक बर्फावर कड सगळीकडून दाबून धरते. आणि पुढचे टोक होडीच्या नाळेसारखे लवकर वर उचललेले असले, तर ते भुसभुशीत बर्फात खुपसत नाही आणि वळणही सहज सुरू होते. मिश्र बर्फासाठी दोन्ही हवे: पायाखाली कमान, पुढे नाळ, मागे किंचित उचल. संपूर्ण केळ्यासारखी वाकलेली स्की मिळते, पण ती खोल बर्फापुरती. कडक बर्फावर ती पाय धरत नाही.

चौथी गोष्ट ताठपणाची. स्कीच्या पोटात लाकूड असते. पॉप्लर, बीच, ॲश, पॉलोनिया अशा जातींचे. त्यावर काचतंतूचे थर आणि काही स्कींत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे. दोन पूर्ण पत्र्यांची स्की जड आणि ताठ असते. ती वेगवान, तयार माणसाच्या कामाची. मध्यम माणूस अंग मागे टाकतो, आणि ताठ स्की मागे झुकलेल्याचे ऐकत नाही, सरळ खाली नेते. त्याने पत्रा नसलेली किंवा पायाखालीच अर्धा पत्रा असलेली घ्यावी. वजनदार माणसाने थोडी ताठ घेतली तरी चालेल. पारख हातानेच होते: मागचे टोक जमिनीवर, पुढचे एका हातात, दुसऱ्या हाताने मधे दाबावे. सहज पण चिवटपणे वाकली पाहिजे, वेताच्या काठीसारखी.

पाचवी गोष्ट बूट आणि बंद यांची, आणि ही सर्वांत शेवटी सांगत असलो तरी मान पहिला. पैसे थोडे असतील तर आधी नीट बसणारे बूट घ्या, स्की भाड्याने घ्या. बुटात टाच हलत असेल तर उत्तम स्कीसुद्धा पायाचे ऐकणार नाही. बंद, म्हणजे बाइंडिंग, याचे काम दुहेरी आहे: चालताना बूट धरायचा आणि पडताना सोडायचा. किती जोराने सोडायचा याचा आकडा त्यावर असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि घसरण्याची तयारी यांवरून तक्त्यात पाहून दुकानातला कारागीर लावतो. तो विचारील, "तुम्ही कसे घसरता? सावकाश, मध्यम की जोरात?" इथे पुष्कळ तरुण फुशारकी मारतात आणि "जोरात" म्हणतात. मग आकडा चढतो, आणि पडल्यावर बूट सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. पाय स्कीला अडकलेला, स्की बर्फात अडकलेली आणि अंग फिरलेले, अशा वेळी पिळा बसतो तो गुडघ्याला. म्हणून खरे सांगा. मित्राचा आकडा आपल्याला लावू नका आणि वर्षापूर्वीचा आकडा तसाच ठेवू नका. आणि बंद चांगला असला तरी गुडघा निर्धोक झाला, असे समजू नये. सुधारलेल्या बंदांमुळे नडगीची हाडे मोडणे खूप कमी झाले, पण गुडघ्याच्या आतले स्नायुबंध अजूनही तुटतात.

भाड्याची स्की घेताना एवढे पाहा. नखाचा वरचा भाग कडेवर हलकेच ओढावा. नखाची पूड निघाली तर धार आहे. तळाला लाकूड दिसेपर्यंत खरवडलेले नसावे. टोकांशी थर सुटलेले नसावेत. बूट काढल्यावर दोन्ही स्कींचे ब्रेक खाली आले पाहिजेत, नाहीतर सुटलेली स्की उतारावरून कुणाच्या तरी अंगावर जाईल. तळाला मेण लावलेले असावे; कोरडा तळ पांढुरका दिसतो आणि ओल्या बर्फात चिकटतो.

एक सावधगिरी राहिली. 'सगळ्या डोंगरावर चालणारी' हे स्कीचे नाव आहे, आपला परवाना नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वर खिलनमर्ग भागात हिमकडा कोसळून एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला. राखलेल्या उताराबाहेर वाटाड्याशिवाय आणि हिमकड्यासाठीच्या साधनांशिवाय जाऊ नये. तिथे कोणत्याही रुंदीची स्की उपयोगी पडत नाही.

तर सत्तर किलोचा, १७० सेंटिमीटर उंचीचा आपला मुलगा गुलमर्गला निघाला, तर त्याने काय मागावे? कंबर ९२ च्या आसपास, लांबी कपाळाच्या आसपास येईल इतकी, त्रिज्या सोळा-सतरा मीटर, पुढे नाळ, पायाखाली कमान, ताठपणा मध्यम, बंदाचा आकडा तक्त्याप्रमाणे. पंचावन्न किलोच्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीने कंबर ८८ ते ९२ आणि लांबी १५५ ते १६० मागावी. दुपारपर्यंत ती जड वाटली, तर संकोच न करता दुकानात परत जावे आणि बदलून घ्यावी. भाड्याच्या स्कीचा हाच मोठा फायदा आहे.

आपला शेतकरी जमीन पाहिल्याशिवाय औत जुंपत नाही. बर्फावर जाणाऱ्या मुलांनाही तेवढे सांगून ठेवा, म्हणजे झाले.