वृद्ध मांजरीचें औषधपाणी



घरांत म्हातारें माणूस आजारी असलें म्हणजे त्याच्या औषधपाण्याची व्यवस्था कशी ठेवावी, हें आपणांपैकीं बहुतेकांना ठाऊक असतें. परंतु मांजर म्हातारें झालें व त्याला दीर्घ मुदतीचा आजार जडला तर काय करावें, हें सांगणारें जाणतें माणूस सहसा भेटत नाहीं. आमच्या घरीं ही वेळ आली, तेव्हां माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती आपणांपैकीं कोणाच्या हातून घडूं नये, एवढ्याचसाठीं आज बोलण्याचें धाडस करीत आहें.

आमची मनी तेरा वर्षांची होती. खाणें व्यवस्थित, पण अंग झडूं लागलें. एका दिवसाआड ओकारी होई. पशुवैद्यांनीं रक्त तपासलें, सोनोग्राफी केली आणि आंतड्याची भिंत जाड झाल्याचें सांगितलें. याचीं कारणें मुख्यतः दोन: एक आंतड्याचा जुनाट दाह, दुसरें लिंफोमा नांवाचा मंदगतीचा कर्करोग. आंतड्याचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याखेरीज या दोहोंतील भेद निश्चित सांगतां येत नाहीं. मनीचें वय व अशक्तपणा पाहून आम्हीं तो मार्ग टाळला. दोहोंच्याही उपचारांत ज्याचा समावेश असतो, तें प्रेड्निसोलोन हें औषध सुरू झालें.

हें औषध स्टेरॉइड या वर्गांतील आहे. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशीं अधिवृक्क नांवाच्या दोन लहान ग्रंथि असतात. माणसाला असतात तशा मांजरालाही. त्यांतून रक्तांत मिसळणारा एक रस दाह आटोक्यांत ठेवतो व संकटसमयीं शरीराला तोलून धरतो. हें औषध म्हणजे त्या रसाचें कृत्रिम भावंड होय. १९४८ च्या सप्टेंबरांत, म्हणजे आपलें नागपूरचें नभोवाणी-केंद्र सुरू झाल्यावर अवघ्या दोन महिन्यांनीं, अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन हें त्याच घराण्यांतील द्रव्य टोंचण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. या संशोधनाबद्दल हेंच, केंडॉल व राइखस्टाइन या तिघांना १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु औषध थांबविलें कीं दुखणें परत येतें, आणि मोठी मात्रा फार काळ चालविल्यास औषधच दुखणें होऊन बसतें, हेंही लौकरच ध्यानांत आलें.

मनीला गुण उत्तम आला. ओकारी थांबली, दोन महिन्यांत वजन भरलें. मीं मनाशीं विचार केला, बरें वाटतें आहे, मग हें कडू औषध कशाला? कोणासही न विचारतां गोळी बंद केली. चौथ्या दिवशीं मनी पलंगाखालीं निपचित पडलेली आढळली. मान उचलेना, अंग गार. धांवपळ करून तिला दवाखान्यांत नेलें, शिरेंतून द्रव व औषध दिलें, तेव्हां कोठें जीव वांचला. कारण साधें होतें. बाहेरून आयता रस मिळूं लागला म्हणजे शरीर आपल्या ग्रंथींना विश्रांति देतें. घरीं नळ आल्यावर विहिरीचा रहाट गंजावा, तसा हा प्रकार. नळ एकाएकीं बंद झाला, तर गंजलेला रहाट त्याच दिवशीं कसा फिरणार? म्हणून हें औषध पायरीपायरीनेंच उतरवावयाचें, आणि प्रत्येक पायरी किती दिवसांची तें वैद्यांनीं ठरवावयाचें.

आतां नित्याच्या गोष्टी. प्रेड्निसोन व प्रेड्निसोलोन हीं नांवें ऐकावयास जुळीं वाटतात. परंतु पहिल्याचें दुसऱ्यांत रूपांतर करण्याची शक्ति मांजराच्या शरीरांत कमी असते, म्हणून मांजराला प्रेड्निसोलोनच देतात. गोळ्या ५, १०, २० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या मिळतात. दुकानांतून आणल्यावर पाकिटावरील आंकडा चष्मा लावून वाचावा. गोळी अन्नाबरोबर द्यावी, व तोंडांत घातल्यास मागाहून सुई नसलेल्या पिचकारीनें थोडें पाणी पाजावें, म्हणजे ती अन्ननलिकेंत चिकटून राहात नाहीं. दिलेल्या गोळीची खूण दिनदर्शिकेवर करावी. एरव्हीं घरांतील दोघे दोनदां देतात किंवा कोणीच देत नाहीं. वेदनाशामक औषध आपल्या मनानें देऊं नये. मेलोक्सिकॅम वा अॅस्पिरिन स्टेरॉइडबरोबर दिल्यास पोटांत व्रण होतात. आणि पॅरासिटामॉल तर मांजराला नुसतेंच प्राणघातक आहे.

या औषधानें भूक व तहान वाढूं शकते, जंतूंचा प्रतिकार मंदावतो आणि कांहीं मांजरांना मधुमेह होतो. तो वेळींच कळला तर पुष्कळदां आवरतां येतो. म्हणून दर आठवड्यास वजन करावें व पाणी मोजावें. परंतु नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, कूलर अहोरात्र चालतो. वाटींतील पाणी मांजर प्यालें कीं उन्हानें नेलें, हें कसें कळावें? मीं एक युक्ति केली. तशाच दुसऱ्या वाटींत तितकेंच पाणी मापून तिच्या तोंडाला न लागेल अशा उंच जागीं ठेवलें. सायंकाळीं दोन्हींतील तूट मोजली. वजाबाकी केली कीं मांजराचा वांटा उरला. या वजाबाकीनेंच एके दिवशीं तहान दुप्पट झाल्याचें दाखविलें. लगेच रक्तांतील साखर तपासली आणि वैद्यांनीं मात्रा बदलली. आपल्या शहरांत सेमिनरी हिल्सजवळ १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा तपासण्यांसाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं.

म्हाताऱ्या मांजरासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें पुष्कळांनीं मला विचारलें. हें औषध आजार मुळांतून काढीत नाहीं, हें खरें. तें दिवस देतें, आणि ते दिवस सुखाचे आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची जबाबदारी आपली. मनी स्वतःचें अंग चाटून स्वच्छ करी, सकाळीं ओट्यावरील उन्हांत येऊन बसे, माशाचा वास येतांच ओरडे. त्या प्रसंगानंतर असे सोळा महिने तिला लाभले. पुढें मात्रा वाढवूनही अन्न सुटलें, अंग चाटणें थांबलें, तेव्हां वैद्यांशीं बोलून आम्हीं तिचे हाल लांबविले नाहींत. त्या निर्णयाचें दुःख आहे, पश्चात्ताप नाहीं. पश्चात्ताप होतो तो न विचारतां गोळी बंद केल्याचा.

एवढी एक गोष्ट माझ्या अनुभवावरून आपण ध्यानांत ठेवावी: गुण आला म्हणजे औषधाचें काम संपलें असें नव्हे.