पटाचारेचा दिवा

आज आम्ही पटाचारेविषयी बोलणार आहोत. बुद्धांच्या काळातली ही श्रावस्तीची लेक पुढे भिक्षुणी झाली. भिक्षुणींच्या ‘थेरीगाथा’ या पाली संग्रहात तिच्याही गाथा आहेत.

जुन्या टीकाग्रंथात तिची हकिगत येते. दुसऱ्या बाळंतपणासाठी ती माहेरी निघाली. वाटेतच बाळंत झाली आणि नवरा साप चावून गेला. नदी ओलांडताना तान्ह्याला ससाण्याने उचलून नेले, थोरला पाण्यात वाहून गेला. श्रावस्तीजवळ आली, तर कळले की रात्रीच्या पावसात घर कोसळून आई, वडील, भाऊही गेले.

अशा बाईला आपल्याकडे काय म्हणतात? ‘पांढऱ्या पायाची.’ नाहीतर, ‘मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय!’

बुद्धांचे म्हणणे वेगळे होते. जे घडते ते कारणांमुळे घडते. कारणे बदलली की तेही बदलते, म्हणून काहीच कायमचे नसते. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. आपल्याला जे सोसावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे मत त्यांनी स्पष्ट नाकारले. सीवक नावाच्या परिव्राजकाला त्यांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कितीतरी कारणे मोजून दाखवली. म्हणजे साप चावला तर विष हे कारण. बायकोचे पाऊल नव्हे.

पटाचारेला हे उमगले ते रोजच्या कामात. पाय धुतलेले पाणी उताराने वाहत जाताना तिने पाहिले आणि मन स्थिर केले. मग खोलीत जाऊन सुईने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला, आणि त्याच क्षणी तिचे मन मोकळे झाले.

तेल आणि वात आहे तोवरच दिवा जळतो. दुःखाचेही तसेच. गेलेले माणूस परत येत नाही, हे खरे. पण टोमणे, दोष, ‘माझ्यामुळेच झालं’ हा घोर, हे सगळे वरून ओतलेले तेल आहे. ते ओतणे थांबवता येते. अनित्य म्हणजे हात टेकणे नव्हे. कारण सापडले की उपायही सापडतो.

पटाचारा पुढे इतर बायकांची गुरू झाली. थेरीगाथेत 30 भिक्षुणी तिच्या उपदेशाने मुक्त झाल्याचे सांगतात.

तेव्हा शेजारी कुणावर असा प्रसंग आला, तर नशिबाची गोष्ट काढू नका. तिच्याजवळ बसा. आणि पुढच्या हळदीकुंकवाला तिलाही बोलवा.