तालीम आणि तालीम

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात कोडोली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीससाहेबांनी मला 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलायला सांगितले आहे. हा विषय इतका मोठा आहे की त्याच्यावर काहीही बोलले तरी चालते, आणि म्हणूनच त्याच्यावर फारसे कोणी ऐकत नाही. तेव्हा त्यातला एक लहानसा तुकडा मी घेतो. पी. टी.च्या तासाचा. पस्तीस वर्षे शिक्षकी केली, त्याआधी अकरा वर्षे विद्यार्थी होतो. या तासाचे काय होते ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

मी पाचवीत असताना मुंबईहून आमचे एक मामू आले. पुष्कळ वर्षांनी आलेले. चहापाणी झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, "क्या बेटा, तालीम कैसी चल रही है?" मी छाती पुढे काढून सांगितले, "अच्छी चल रही है मामू. रोज पचास जोर और सौ बैठक मारतूं." मामू माझ्याकडे बघत राहिले आणि अब्बा हसून लोटपोट झाले. मामूंना हवी होती शाळेची हकीकत, मी देत होतो गल्लीतल्या तालमीची.

त्या दिवशी घरात नुसता विनोद झाला. पुढे मास्तर झाल्यावर मात्र तो प्रसंग मला वारंवार आठवू लागला. 'तालीम' हा शब्द अरबी. 'इल्म' ज्या धातूपासून झाला त्याच धातूपासून तो झाला. त्याचा अर्थ शिक्षण. आपल्या घराघरात तो याच अर्थाने बोलला जातो. परंतु हाच शब्द मराठी मुलखात आला आणि कोल्हापूरच्या मातीत त्याला लाल रंग चढला. इथे तालीम म्हणजे हौदा, आखाडा, जोर-बैठका. तालमीत शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे आपला उस्तादच. कसरत शब्द अरबी. कुस्ती, पैलवान, जोर, मैदान हे फारसीतून आलेले. ज्या लोकांनी शिक्षणाचा शब्द उचलून आखाड्याला दिला, त्यांना शरीर कमावणे हे शिक्षणाबाहेरचे काम वाटत नसावे. आपण मात्र आज या दोन तालमी एकमेकींपासून तोडल्या आहेत, आणि एक ठेवून दुसरी टाकून देण्याच्या बेतात आहोत.

ही तोडफोड आपल्या जिल्ह्याला शोभणारी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केले. दसरा चौकातून जाताना आजही ते दिसते. आपल्या मुलांनी शहरात राहून शिकावे यासाठी एका राजाने केलेली ती सोय. त्याच महाराजांनी रोम शहरातले प्राचीन क्रीडागार पाहिले होते; तशा धर्तीचे कुस्तीचे मैदान आपल्या करवीरनगरीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. पुढे १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला. बोर्डिंग, मैदान आणि सक्तीचे शिक्षण, तिन्ही कामे अकरा-बारा वर्षांतली आणि एकाच माणसाची. महाराज पैलवानांचे शौकीन होते म्हणून खासबाग बांधले, असे सांगून आपण ती गोष्ट हलकी करतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या लेखी तो रयतेच्या शिक्षणाचाच भाग होता.

आणि आखाड्याने जात-धर्म कधी विचारला नाही. कोल्हापुरात बाबूजमाल तालीम आहे, काळा इमाम तालीम आहे. पेठांतल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद मराठा होते. रमजानमध्ये रोजा धरून मी गेलो की ते मला हौद्यात उतरू देत नसत. "बस कडंला, बघून शीक," म्हणायचे. बघून शिकण्यासारखे पुष्कळ असते हे मला तिथे कळले.

आता शाळेकडे येतो. आम्हाला ड्रिलचे एक सर होते. त्यांच्याजवळ साहित्य म्हणजे एक शिट्टी, एक काथ्याचा दोर, लाकडी डंबेल्सचे जोड आणि लेझमींचा एक गठ्ठा. त्यांतल्याही निम्म्या लेझमींच्या चकत्या गळालेल्या. शाळेला कुंपण नव्हते. कवायत चालू असताना उसाच्या गाड्या कडेने जात आणि गाडीवान थांबून बघत. समोर जोतिबाचा डोंगर. 'सावधान' म्हटल्यावर नजर डोंगरावर ठेवायची, असा सरांचा नियम होता. मान आपोआप सरळ राहते, हे त्यामागचे गुपित मला फार उशिरा समजले.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणी पोलिओने त्याचा एक पाय बारीक झालेला. त्या काळी प्रत्येक गावात अशी दोन-चार मुले असत. इतर तासांना तो आमच्यासारखाच होता, पण पी. टी.च्या तासाला दप्तरे सांभाळत वर्गात बसायचा. सर नवीन आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "हा वर कोण बसलाय?" आम्ही कारण सांगितले. सर म्हणाले, "पाय अधू आहे, हात तर नाहीत ना?" आणि त्याला दोरापाशी आणले. पहिल्या दिवशी तो हातभरही चढला नाही. वर्षाच्या शेवटी आमच्यात सर्वांत उंच तोच चढत होता, कारण त्याच्या हातांना कुबडीची सवय होती आणि आमच्या हातांना कसलीच नव्हती. खो-खोच्या सामन्यांना सरांनी त्याला पंच केले. त्याची शिट्टी वाजली की दांडगी मुलेसुद्धा मुकाट्याने मैदानाबाहेर जात. गणितात त्याला किती गुण पडत ते मला आठवत नाही. तो दोर आठवतो.

शिक्षकाच्या मोलाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मला एकच उदाहरण पुरेसे वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीवर वाढलेला गडी, तिथे गादीवर लढावे लागले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईना. लोकांनी यथाशक्ती मदत केली, तरी कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीला ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. आणि मिरवणूक संपल्यावर हा पदकविजेता गडी पुन्हा कुस्त्या लढला, कशासाठी, तर प्राचार्यांचे घर सोडवण्यासाठी. गुरूने शिष्यासाठी घर गहाण टाकले आणि शिष्याने ते अंगमेहनतीने सोडवले. या दोघांपैकी कोणाचा सत्कार आधी करावा हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

त्यानंतर देशाला वैयक्तिक पदकासाठी चव्वेचाळीस वर्षे, १९९६ पर्यंत, थांबावे लागले. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक पदक आले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेमुळे, नेमबाजीत. वडील शिक्षक, गाव लहान.

पण पालकहो, तुमच्या मुलाने पदक आणावे म्हणून मी हे बोलत नाही. पदक लाखात एकाला मिळते. माझा आग्रह उरलेल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव मुलांसाठी आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगून टाकतो. दहावीच्या वर्गाचा पी. टी.चा तास गणिताच्या सरांनी मागितला की मी देत असे. डिसेंबरपासून तर न मागताच देत असे. पालकही खूश, वरिष्ठही खूश. अनेक वर्षे मी हे केले. त्या तासांनी गणिताचा निकाल वाढल्याचे मला एकदाही दिसले नाही. दिसले ते इतकेच, की चौथ्या तासानंतर मुलांचे डोळे मिटू लागत आणि मधल्या सुट्टीत मारामाऱ्या वाढत. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी असे सांगते. साठ मिनिटे! आपल्या वेळापत्रकात आठवड्याला जेमतेम एखाद-दुसरा तास, आणि तोही उसना दिलेला. आमच्या वेळी शाळेत तास बुडाला तरी घरी विहीर होती, ओढा होता, गुरे वळायची होती. आताच्या मुलाला शाळेतून रिक्षा घरी आणते, घरून शिकवणीला नेते आणि रात्री मोबाईल त्याला झोपू देत नाही. उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लवकर चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, हेही आता अभ्यासांतून दिसून आले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण हवे असे सांगितले आहे आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही. कायदा आहे. विचारणारा पालक मात्र मला क्वचित भेटला.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मुलींची.

आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती, आपल्याच समाजातली. धावायची अशी, की शर्यतीत तिच्यामागे कोण येते एवढेच बघायचे राहायचे. आठवीत गेली आणि तिच्या वडिलांचा निरोप आला, मुलगी मोठी झाली, उद्यापासून मैदानावर येणार नाही. मी "बरं" म्हटले. त्यांच्या घरी गेलो नाही. दोन गोष्टी समजावल्या नाहीत. लोक काय म्हणतील, हा विचार त्यांच्या मनात होता. खरे सांगायचे तर तो माझ्याही मनात होता. पुढचे वर्षभर ती खिडकीशी बसून मैदानाकडे बघायची आणि मी शिट्टी वाजवायचो. त्या खिडकीकडे बघायचे मी टाळत असे.

तिच्या वडिलांना आज मी काय सांगितले असते? एक म्हणजे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी देशभरात सुमारे एकोणसाठ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. घरात बसलेल्या मुलीचे हे कोणाच्या लक्षात येत नाही. मैदानावर दोन फेऱ्यांत तिला धाप लागते, आणि जागरूक शिक्षिका तिच्या आईला बोलावून घेते. दुसरे म्हणजे, पोशाखाची अडचण खरी असली तरी सुटणारी आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सैल पायजमा घालून खो-खो उत्तम खेळता येतो. वेळ वेगळी ठेवता येते, शिकवायला बाई नेमता येतात. आणि तिसरे, धर्म आडवा येतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे की पैगंबरसाहेबांनी (स.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. पहिल्या शर्यतीत हजरत आयेशा पुढे गेल्या होत्या.

खो-खोचा विषय निघालाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारताने जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. ज्या खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, बूट नसले तरी भागते, त्या खेळाची ही गोष्ट आहे. लागतात ते दोन खांब, आखलेली जमीन आणि मुले. यांपैकी गरीब समाजाला न परवडणारे काय आहे ते मला दाखवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला निराळे काय सांगू! आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये असे मी म्हणणार नाही, वाईट वाटणारच. कुस्तीत पाठ टेकल्यावर उठून, अंगाची माती झटकून, समोरच्याच्या हातात हात द्यावा लागतो. हे मला दुसरीकडे कुठल्याच तासाला शिकवले गेले नाही. आपल्या शेजारी वारणानगरला दर डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी कुस्त्यांचे मोठे मैदान भरते. पुढच्या वेळी गेलात तर जिंकणाऱ्याकडे सगळे बघतातच, तुम्ही हरलेल्याकडे बघा, तो कसा उठतो ते.

शेवटी पदाधिकाऱ्यांकडे माझी एक मागणी. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात पी. टी.चा तास लाल शाईने लिहावा आणि तो उसना देण्याचा अधिकार कोणालाच, मुख्याध्यापकांनाही, ठेवू नये.

आणि एक कार्यक्रम जाहीर करतो. अध्यक्षसाहेबांची परवानगी मी आधीच घेतली आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या मैदानावर मुलींसाठी कबड्डीचे मैदान आखायचे आहे. बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. एक पोते फक्की आणि सुतळीचे बंडल मी आणतो. सुतळीचे दुसरे टोक धरायला एक माणूस लागेल. मुलींचे वडील आलेले मला आवडतील.