विज्ञान शाखा आणि आमची मुले
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



इस्लामने ज्ञानाला किती मोठे स्थान दिले आहे, हे आपण प्रत्येक संमेलनात ऐकतो. मीही ते या व्यासपीठावरून बोललो आहे. आज दहावीतील एका मुलीची मते तेवढी आपल्यापुढे मांडतो, कारण त्या मतांनी मला अस्वस्थ केले आहे.

वक्तृत्व स्पर्धेसाठी मी ‘मला कोण व्हायचे आहे’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी डॉक्टर व्हायचे ठरवले होते. ही मुलगी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातून येते. तिचे म्हणणे असे की, आमच्या घरी विज्ञान म्हणजे डॉक्टर, एवढेच ठाऊक आहे. तेवढे गुण पडणार नाहीत असे दिसले की शिलाईचा क्लास लावतात. या दोहोंच्या मधल्या वाटांचे कोणी नावही घेत नाही. तिचा भाऊ आठवीतून गॅरेजमध्ये गेला. इंजिनाचा आवाज ऐकून तो बिघाड सांगतो. त्यालाही विज्ञानच येते, फक्त त्याच्यापाशी कागद नाही, असे ती म्हणाली. कला शाखेला जाणारे कष्टाला भितात, असेही तिने ठोकून दिले. मी स्वतः बी.ए. असल्यामुळे हे मत मला मान्य नाही, हे आपण समजून घ्यालच!

मग तिने मलाच विचारले, “सर, आमच्या विहिरीचे पाणी खारे का?” मी म्हणालो, आपला खारपाण पट्टा आहे म्हणून. ती म्हणाली, “हे तर नाव झालं सर, कारण कुठं सांगितलं?”

जन्म या भागात गेला, पण कारण मला माहीत नव्हते. नंतर वाचले, विचारले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. माती चिकण, पाण्याचा निचरा कमी. भूजलात क्षार, जमिनीत सोडियम. म्हणून विहीर असूनही ते पाणी पिण्याच्या आणि ओलिताच्या कामाचे नसते, आणि गोड्या पाण्यासाठी हंडा घेऊन बहुधा घरातली मुलगी जाते. शाळेला उशिरा येणारी मुलगी आळशी आहे, असे मीही एकेकाळी समजत असे.

या प्रश्नावर आयुष्य वेचणारी माणसे आहेत आणि त्यांना पगारही मिळतो! अकोल्यास 1969 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे मृदविज्ञान शिकवतात. अमरावतीच्या 1923 साली सुरू झालेल्या विदर्भ महाविद्यालयात भूगर्भशास्त्र आहे. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. हे सारे आपल्या घरापासून एस.टी.च्या अंतरावर, आणि आपल्या किती पालकांना याची खबर आहे?

डॉ. अब्दुल कलाम यांचे उदाहरण आपण देतो ते त्यांच्या थोरवीचे. त्यांनी आत्मचरित्रात एक साधी गोष्ट कबूल केली आहे. भौतिकशास्त्राची पदवी हाती आल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपला विषय अभियांत्रिकीचा. आधी कोणी सांगितलेच नव्हते. पुढे मद्रासच्या संस्थेत प्रवेशासाठी सुमारे 1000 रुपये हवे होते, तेव्हा बहीण जोहरा हिने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. आपल्याकडे मुलीच्या निकाहासाठी सोने जमवतात. तिच्या फीसाठी ते किती घरांत बाहेर निघेल, याचे उत्तर मी देत नाही.

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता 78.1 टक्के होती, राज्याच्या सरासरीहून थोडी अधिकच. म्हणजे मुलांना शाळेत घालायचे आपण शिकलो. पुढे कोठे पाठवायचे, येथे अडतो. आणि यात दोष केवळ पालकांचा नाही. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. वडील कापसाच्या बाजारात हमाल, गणितात मुलगा पक्का. मी त्याला सांगितले, कला शाखा घे, डी.एड. कर, नोकरी भरवशाची. मला ठाऊक असलेली वाट तेवढीच होती. त्याने माझे ऐकले. डी.एड. झाला, टी.ई.टी. उत्तीर्ण झाला, आणि आज मोबाइलच्या दुकानात बसतो. रस्त्यात भेटला की अदबीने सलाम करतो. त्या सलामाने मान खाली जाते.

त्या मुलीच्या अब्बांना मी भेटलो. त्यांची हरकत शिक्षणाला नाही. रोज अकोल्याला एकटी कशी जाईल, ही आहे. ही काळजी मी खोटी म्हणणार नाही, मलाही मुलगी आहे. पण गावातल्या तीन मुली एकाच गाडीने गेल्या तर तीच काळजी निम्मी होते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत असतो, हेही त्यांना माहीत नव्हते. संस्थेने जूनपूर्वी गावागावातून अशा मुलींच्या याद्या केल्या, तर मी स्वतः फिरायला तयार आहे.

अकरावीचे अर्ज आता संगणकावरून भरावे लागतात आणि शाखा, महाविद्यालये तेथेच निवडावी लागतात. निकाल लागल्यापासून आठ दिवस मी सकाळी दहापासून शाळेत बसेन. गुणपत्रिका आणा, आधार कार्ड आणा, आणि कृपा करून मुलीलाही बरोबर आणा. तिला काय शिकायचे आहे, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.