ड्रॉइंगवर ठरणारा खर्च

गुणवत्तेचा खर्च म्हटला की तपासणी विभाग डोळ्यांसमोर येतो. माझं म्हणणं असं, की त्यातला मोठा भाग ड्रॉइंगवर सही होते त्याच दिवशी ठरतो. कारखान्यात त्याची फक्त वसुली होते.

२० मिमी व्यासाचा शाफ्ट घ्या. एच-९ टॉलरन्स असेल तर ५२ मायक्रॉनची मुभा मिळते, चांगल्या लेथवर काम भागतं. एच-६ लिहिलं की मुभा उरते १३ मायक्रॉन; मग ग्राइंडिंग आलं, वेगळे गेज आले, रिजेक्शन वाढलं. बेअरिंगच्या जागी एवढा नेमकेपणा लागतोच. पण तो जुन्या ड्रॉइंगवरून नुसता उतरवला असेल, तर नगामागे पैसे जातात आणि ग्राहकाच्या पदरात काही पडत नाही. उलट, आकडा खरोखर महत्त्वाचा असताना ढिलाई झाली की काय होतं, ते जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये दिसलं. किल्ली जागेवर धरून ठेवणारा जोर कंपनीच्याच स्पेसिफिकेशनपेक्षा कमी असूनही २००२ मध्ये स्विच मंजूर झाला. धावत्या गाडीत किल्ली फिरली की इंजिन बंद पडे, मग अपघातात एअरबॅगही उघडत नसत. २००६ मध्ये सुधारित भागाला मंजुरी मिळाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला, आणि दोषाचा माग काढणं अवघड झालं. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. या जिवांची नोंद कुठल्या खात्यात करणार?

प्रतिबंधावर, म्हणजे दोष मुळात होऊच नये यासाठी, खर्च करायला आमच्याकडे पैसा कुठे आहे, असं लहान उद्योजक विचारतात. गुणवत्ता-तज्ज्ञ फायगेनबॉम यांनी १९५६ मध्येच प्रतिबंध, तपासणी आणि अपयश अशी गुणवत्तेच्या खर्चाची विभागणी मांडली होती. आपल्याकडे अपयशाचा खर्च विखुरलेला असतो: रिवर्कचा ओव्हरटाइम, भंगारात गेलेला माल, ग्राहकाच्या आवारातलं सॉर्टिंग, डेबिट नोट. तो एका पानावर आला, की नग उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरमध्ये बसवलेली पिन महाग वाटत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: ड्रॉइंग ग्राहकाचं, पुरवठादाराचं ऐकतो कोण? ही अडचण खरी आहे, आणि ती एकट्या पुरवठादाराच्या आवाक्यातली नाही. म्हणूनच डिझाइनर मंडळींना आग्रहाने बोलावलं आहे. कोटेशनच्या वेळी, टूलिंगला हात घालण्याआधी, हा टॉलरन्स कशासाठी हवा एवढं विचारायची मुभा पुरवठादाराला द्या आणि उत्तर लेखी द्या. दुपारच्या सत्रात दोन्ही बाजू एकाच टेबलाशी बसतील, तेव्हा सुरुवात याच मागणीपासून व्हावी, अशी माझी विनंती आहे.